दुरुस्त गिटारची दुरुस्ती

मास्तरांच्या टेबलावरची ती गिटार केव्हाच दुरुस्त झाली होती, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक खुद्द मास्तर, दुसरी त्यांची बायको. तिसऱ्या माणसाला त्याचा पत्ता लागू नये म्हणून मास्तर जिवाचा आटापिटा करत होते, कारण ते तिसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी लेक, आणि गिटार तिचीच होती.

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते गिटारी दुरुस्त करायचे. पण नाकावर चष्मा आणि कपाळावर आठी एवढ्या भांडवलावर गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. लाकडी गिटार त्यांच्या हातात आली की गुमान सुरात यायची. धाकटीने पहिल्या कमाईतून कुणाची तरी वापरलेली घरी आणली ती मात्र भलतीच निघाली. इलेक्ट्रिक, आणि तिला डोकंच नाही! एरवी मानेच्या टोकाला जी पट्टी असते, जिच्यावर तारा पिळायच्या खुंट्या असतात, ती गायब. मान सरळ जाते आणि एकदम संपते. तारा पिळायच्या त्या खाली, ब्रिजमागच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमागच्या छोट्या गोल चाव्यांनी. आणि ब्रिजसुद्धा गप्प बसणारा नाही. त्याला एक दांडी, ती दाबली की अख्खा ब्रिज झुकतो आणि सूर खाली घरंगळतो. सोडली की परत वर येतो. म्हणजे यायला हवा.

"हिचं डोकं काय दुकानातच राहिलं?" मास्तर म्हणाले होते. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण जीभ सैल सुटली होती. "बिनडोक वाद्य बिनडोक माणसालाच आवडणार," असंही म्हणून गेले. धाकटी हसली नाही. तिला लांबच्या शहरात नोकरी मिळालेली होतीच. जाऊ की नको चाललं होतं, ते त्या दिवशी संपलं. गिटारचा ब्रिज तेव्हा बिघडलेला होता, म्हणून गिटार घरी राहिली आणि लेक गेली.

त्यानंतर फोन यायचा तो आईला. आईने बळेच मास्तरांच्या हातात दिला की, "बरी आहेस?" "हो." "जेवण वगैरे?" "हो." की मास्तर फोन परत देऊन कानस शोधायला लागायचे. कानस समोरच असायची.

एका रविवारी मात्र धाकटीने आपण होऊन विचारलं, "बाबा, माझी गिटार टाकलीत का?"

"टाकतोय कशाला? आहे की."

"बघता का जरा? दांडी सोडली तरी ब्रिज जागेवर येत नाही. तुम्हाला जमायचं नाही म्हणा, हे तुमच्या हातचं काम नाही."

शेवटचं वाक्य मास्तरांना झोंबलं. फोन बंद व्हायच्या आत गिटार टेबलावर होती. दांडी कुठे सापडेना. हरवली असणार, वेंधळीच ती, असं पुटपुटत त्यांनी एक पोलादी सळई वाकवून स्वतःच दांडी केली. पण पुढे घोडं अडलं. एक तार सुरात लावावी तर बाकीच्या पाच बिघडत.

पुढच्या रविवारी फोन वाजताच त्यांनी झडप घातली. "अगं, ही तुझी गिटार म्हणजे एकत्र कुटुंब झालं. एकीची समजूत काढावी तर बाकीच्या पाच रुसून बसतात."

पलीकडे हसू फुटलं. ते हसू इतक्या दिवसांनी कानावर पडलं की मास्तर पुढचं विचारायचंच विसरले.

"मागचं झाकण उघडा, बाबा. आत स्प्रिंगा आहेत. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. दोघींचा जोर सारखा झाला की ब्रिज सरळ राहतो. तारांवर चिडू नका, स्प्रिंगांचे स्क्रू हळूहळू फिरवा. हळूहळू म्हणजे तुमच्यासारखं नाही."

असे रविवार सुरू झाले. ब्रिज ज्या दोन लोखंडी खुंटांवर टेकून झुलतो, तिथे त्याची धार झिजली होती आणि खुंटांना खाचा पडल्या होत्या. त्या खाचांत तो अडकून राहायचा. धाकटी सांगत गेली, मास्तर करत गेले. नवे खुंट बसवले, धार बारीक कानशीने जपून घासली, टेकतो तिथे आणि स्प्रिंगांना ग्रीसचा ठिपका दिला. मधेच ती सांगायची की तिच्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्यांचं बाळ हात हलवतं, किंवा ऑफिसातला साहेब बैठकीत डुलक्या घेतो आणि जागा झाला की सगळ्यांचं अभिनंदन करतो. मास्तर ऐकत राहायचे. घरात असताना जी लेक त्यांना धड कळली नव्हती, ती स्प्रिंगांच्या निमित्ताने कळू लागली होती.

मग एके दिवशी त्यांनी दांडी दाबली, सूर खाली गेला, दांडी सोडली आणि सहाच्या सहा तारा होत्या तिथे परत आल्या. पुन्हा दाबली, पुन्हा आल्या. मास्तर खूश झाले आणि त्याच दमात त्यांना कुरिअर आठवलं. धाकटी मागेच सांगून बसली होती, "झाली की कुरिअरने पाठवून द्या. पत्ता आईकडे आहे." एकदा गिटार खोक्यात घालून पाठवली की बोलायचं कशावर? पुन्हा आपलं "बरी आहेस?" आणि "हो."

त्या रविवारी तिने "झाली का?" विचारलं. मास्तरांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "कसली होतेय! आता स्प्रिंग कुरकुरते."

"गिऱ्हाइकाला कधी थाप मारली नाहीत," फोन झाल्यावर बायको म्हणाली, "आणि पोटच्या पोरीला मारता?"

हे मास्तरांना लागलं. म्हणून पुढे ते शनिवारी स्वतःच्या हाताने ग्रीस पुसून ठेवायचे, म्हणजे स्प्रिंग खरोखरच कुरकुरायची. सोमवारी परत लावायचे. कधी एखादी चावी जड करून ठेवायची, कधी ब्रिज एका अंगाला कलता. त्यांची ती वाकवलेली दांडी तर आपसूकच सैल होती, तेही सांगून झालं. "दांडी हलते," म्हटल्यावर धाकटीने आधी "दांडी?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "हलते? बरं. नळाला गुंडाळतात ना पांढरी टेप, ती गुंडाळा."

"अहो, सरळ म्हणा ना, ये म्हणून," बायको सारखी मागे लागायची. "मी म्हटलं की म्हणते, बाबा कुठे बोलावतायत."

मास्तर कानस शोधायला लागायचे. लेकीची त्यांना फार आठवण यायची. जिन्यात कुणाचीही पावलं वाजली की हातातला पाना थांबायचा. पण ज्या तोंडाने तिला बिनडोक म्हटलं, त्या तोंडाने ये कसं म्हणायचं, हे काही त्यांना उलगडत नव्हतं.

एका शनिवारी घाईचं काम आलं. लाकडी गिटार होती, खुंट्या सरकणारी, गिऱ्हाईक दारात उभं. त्या गडबडीत धाकटीची गिटार बिघडवायची राहून गेली. रविवारी मास्तर तीच लाकडी गिटार मांडीवर घेऊन बसलेले असताना फोन वाजला.

"आज काय म्हणतेय आमची?" धाकटीने विचारलं.

मास्तरांचं डोकं रिकामं. हाताखाली जे होतं तेच तोंडात आलं. "आज ना, खुंट्या सरकतायत गं. डोक्यावरच्या. पिळल्या की सुटतात, सूर म्हणून धरत नाहीत."

दारात उभ्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे ती पडली होती, मान सरळ जाऊन एकदम संपलेली. ज्या डोक्यावरून घरात एवढं रामायण घडलं, ते तिला नाही हेच मास्तर विसरले होते.

"डोक्यावरच्या?" धाकटीने सावकाश विचारलं.

"हो. म्हणजे... त्या..."

"इकडच्या तीन की तिकडच्या तीन?"

"ति... तिकडच्या."

"अवघड दुखणं आहे मग." ती मोठ्या डॉक्टरासारखी बोलत होती, पण आवाज हलत होता. "हे फोनवर सांगून व्हायचं नाही, बाबा. मला येऊन बघावं लागेल."

आणखी एका थापेवर वेळ निभावून नेता आली असती. पण त्यांना थापांचा वीट आला होता.

"अगं, डोकं नाहीये तिला," ते म्हणाले. "आणि कसला बिघाडही नाही. केव्हाची झालीये ती. बघण्यासारखं काही नाही इथे. तरी ये. तू नाहीस तर मला करमत नाही घरात."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"माहितीये मला. दांडी हलते म्हणालात ना, तेव्हाच कळलं. दांडी माझ्याकडे आहे, बाबा. निघताना गिटारची तेवढीच काढून घेतली होती. तुम्ही फोनवर हलते म्हणालात तेव्हा ती माझ्या हातातच होती."

मास्तर ब्रिजला लावलेल्या आपल्या वाकड्या सळईकडे बघत राहिले.

"ती थाप नव्हती हं," ते घाईघाईने म्हणाले. "मी दुसरी केलीये, सळईची."

"आणि हलते?"

"हलते. तुझी बसते तशी कुठली बसायला!"

"मग घेऊन येते मी," धाकटी म्हणाली. "आईला द्या फोन, गाडीचं सांगते."

मास्तरांनी फोन बायकोला दिला. मग ते उठून टेबलापाशी गेले, सळईची दांडी पिळून काढली आणि ती जागा स्वच्छ पुसून ठेवली.