हौदातलं वेटोळं

पंडितने तांब्याच्या नळीत चाळलेली वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली आणि नळी पालथ्या बादलीभोवती वळवायला घेतली. वाळू नसली की नळी वळणावर चेपते आणि पाणी अडतं. शेजारी फरशीवर त्याने खडूने सगळी आखणी केली होती. कॉम्प्युटरच्या चिपवर बसवायची तांब्याची पोकळ डबी, तिच्यातून निघणारी रबरी नळी, कूलरचा पंप, मग भिंतीला भोक आणि भिंतीपलीकडे परसातला हौद. वेटोळं हौदात बुडून राहणार. नळीतलं पाणी नळीतच फिरणार. गरम होऊन जाणार, गार होऊन येणार.

दुसरा इलाज नव्हता. परभणीचा मे महिना, वर पत्रे. दुपार झाली की मशीन अडकून बसे आणि पोरं शिव्या घालत घरी जात. मानवतच्या शाळेतली तासिकेवरची नोकरी सोडून पंडित या कॉम्प्युटर क्लासमध्ये उतरला होता. बाहेर पाटीवर दोघांची नावं होती. मे निभावला नाही तर पाटी उतरणार होती.

दुसरं नाव ज्याचं, तो व्यंकट दारात येऊन उभा राहिला. जागा त्याची, घरही मागेच. दोघं पॉलिटेक्निकला एका खोलीत राहिले होते, एका ताटात जेवले होते. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा हाच पेढे घेऊन पेडगावला पंडितच्या वस्तीवर आला होता आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने ‘जय भीम’ म्हणाला होता.

“पंड्या, हौदात नगं टाकायला,” व्यंकट म्हणाला. “ड्रम ठिवू एखादा.”

“ड्रम तासाभरात तापंल. हौद लिंबाखाली हाय, पाणी गार राहतंय. तूच तर म्हणलास, हौदच बरा.”

“प्यायचं पाणी हाय रे. तांब्यानं कळकंल.”

“तुमचा हंडा कशाचा हाय?”

व्यंकट हसला नाही. फरशीवरची खडूची एक रेघ त्याने पायाच्या अंगठ्याने पुसली.

“बरं, हौदातच टाकू. पण टाकायला सटवाजीला सांगतो. तू इकडून जोड.”

सटवाजी म्हणजे त्याचा चुलतभाऊ. त्याला धड बल्ब बदलता येत नव्हता. पंडितचे हात थांबले.

“कामून?”

“आईचा जीव जुना हाय यार. माझं काई न्हाई, तुला तर माहीतच हाय. या वयात तिला कामून दुखवायचं?”

म्हाताऱ्या माणसाचं एवढं सांभाळावं, असं पंडितने स्वतःला समजावलं. समजावताना नळी अशी आवळली की तळहातावर वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सटवाजी आलाच नाही. पंडित वेटोळं घेऊन परसात, हौदापासून लांब, उन्हात उभा राहिला. आत व्यंकट भोकातून रबरी नळी ओढत होता. तेवढ्यात त्याची आई, कमलबाई, घागर घेऊन बाहेर आली.

“कवाचा उभा हाईस रं उन्हात?”

“सटवाजीची वाट बघायलोय मावशी. हे हौदात सोडायचंय.”

“मंग सोड की. त्या येड्याला काय कळतंय? त्योच पडंल हौदात.”

“तुमाला चालंल?”

“मला न चालायला काय झालं?”

म्हणाली आणि थांबली. पंडितच्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग घागर खाली ठेवली.

“मला कुणी इचारलं व्हतं का?” ती म्हणाली. “पैले लय इटाळ पाळला बाबा, खोटं कशाला बोलू? आता कट्टाळले. आण, ती बाजू दे इकडं.”

दोघांनी वेटोळं खाली सोडलं. पंडितचे हात कोपरापर्यंत गार पाण्यात गेले. त्याने मान वर केली तेव्हा खिडकीतून व्यंकट बाजूला झाला.

त्या दुपारी मशीन एकदाही अडकलं नाही. “जमलं की रे!” म्हणत व्यंकटने पंडितच्या पाठीवर थाप मारली, हॉटेलातून चहा मागवला. पंडितने तो प्यायला. आईचं नाव कुणीच काढलं नाही.

पुढच्या दिवशी पेडगावची एसटी उशिरा आली. पंडित पोचला तेव्हा उन्हं चढली होती आणि पोरं क्लासबाहेर उभी होती. मशीन बंद पडलं होतं. पंप चालू होता, डबी हाताला चटका देत होती. नळीतलं गरम पाणी नुसतंच गोल फिरत होतं.

तो मागे गेला. हौद रिकामा. वेटोळं हवेत लोंबत होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून व्यंकट आत उतरला होता आणि काथ्याने तळ घासत होता. लिंबाच्या बुडाशी चिखलच चिखल झाला होता. कमलबाई रिकामी घागर पुढ्यात घेऊन ओट्यावर बसली होती.

“शेवाळ झालं व्हतं लय,” व्यंकट मान वर न करता म्हणाला.

“एवढ्यातच घासलाय की हौद,” कमलबाई म्हणाली. “नळ आठ-आठ दिवस येत न्हाई, आन् सगळं पाणी सोडून देलंय यानं.”

“आये, तू गप बस.”

मग व्यंकट उभा राहिला, बाहीने घाम पुसला.

“टँकर सांगितलाय. भरला की होतंय चालू. तवर पोरायला थांबव.”

पंडित कठड्यावर चढला आणि चपलांसकट आत उतरला. व्यंकटच्या शेजारून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला. ओल्या, लख्ख तळावर पेडगावची काळी माती उठत गेली.

“आता धू,” तो म्हणाला.