मी त्या दिवशी मुद्दाम नीट चाललो

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. हिरवट रंगाचा, पत्र्याचा, एका कोपऱ्यात चांगलाच पोचा आलेला. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी तसला नाही. माझ्याशी कुणी बरे वागले तर मी त्याची जन्मभर चाकरी करतो. पण माझ्या माणसाचे कुणी वाईट केले, तर मी डूख धरतो. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे एका कारखान्यात झाला. तेव्हा मोठी लढाई चालू होती. माझ्यासारखे हजारो डबे घाईघाईने जोडून, गवतात गुंडाळून पलटणींना धाडले जात होते. मी खेचराच्या पाठीवर बसून ब्रह्मदेशाच्या जंगलात गेलो. तिथे मला येसाजी हवालदार भेटला. महाडजवळच्या नाते गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत मोर्स शिकला होता. कळ दाबायची, लहान-मोठे सूर काढायचे आणि त्या सुरांतून अक्षरे पाठवायची, असे ते काम. एके दिवशी तोफगोळ्याचा तुकडा आला. त्याने येसाजीच्या उजव्या हाताची दोन बोटे नेली आणि माझा कोपरा चेपला. एकाच क्षणी आम्ही दोघे जखमी झालो, म्हणून मी त्याला भाऊच मानतो.

लढाई संपली आणि मला मुंबईच्या जुन्या बाजारात भंगारात टाकले. वर्षभराने येसाजी तिथून चालला होता. त्याने माझा पोचा पाहिला आणि रस्त्यातच उकिडवा बसला. "ह्यो माझाच हाय," तो दुकानदाराला म्हणाला. त्याने मला पोत्यात घालून नाते गावी आणले आणि बरीच वर्षे मी माळ्यावर भोपळ्यांच्या शेजारी पडून राहिलो.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास महाडात हौशी बिनतारी मंडळ निघाले. ही हौस तुम्हांला ठाऊक नसेल. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि घरबसल्या दूरच्या अनोळखी माणसांशी मोर्समध्ये बोलायचे. बोलणे झाले की एकमेकांना खूण म्हणून एक कार्ड टपालाने पाठवायचे. कोण, केव्हा, कुणाशी बोलले, हे एका वहीत लिहायचे. मंडळाची बैठक दर रविवारी सकाळी हैबतीच्या भातगिरणीच्या माडीवर भरे. खाली कोंडा उडे, वर भिंतीवर कार्डे लागत. परवाना एकट्या मालोजीकडे होता. बाजारपेठेत त्याची भाताची वखार होती, इंग्रजी शिकलेला होता, म्हणून तोच सचिव झाला. पोस्टातले तारमास्तर महिपतराव होते. येसाजी होता, त्यानेच मला माळ्यावरून काढून तिथे नेले होते. आणि येसाजीची मुलगी तुळसा होती.

तुळसाचा नवरा मुंबईला गोदीत कामाला, म्हणून ती बापापाशी राही. येसाजीची बोटे गेल्यामुळे त्याला कळ नीट दाबता येत नसे. तो पाटावर ठोकून दाखवी आणि तुळसा ते उचली. मित्रांनो, प्रत्येकाच्या अक्षराला जसे वळण असते, तसेच कळ दाबणाऱ्या हातालाही असते. त्याला आम्ही नुसता 'हात' म्हणतो. मालोजीचा हात अडखळता, घाबरट. तुळसाचा हात सरळ आणि गोड. प्रत्येक शब्दानंतर ती किंचित थांबे, जात्यात मूठ घालायला थांबतात तेवढीच. मुंबईला माहीमचे एक म्हातारे पारशी गृहस्थ दर रविवारी आमच्याशी बोलत. सगळे त्यांना पारशीबाबा म्हणत. तुळसा कळीवर बसली की पारशीबाबांचा सूर लगेच खुले.

परवाना नसलेल्या माणसाने परवानेवाल्याच्या देखत कळ दाबली तर चालते. तो नसताना दाबली तर गुन्हा. हा नियम लक्षात ठेवा, सगळे रामायण यावरूनच झाले.

एका श्रावणात सावित्री आणि गांधारी दोघी एकदम चढल्या. बाजारपेठेत छातीइतके पाणी झाले. तारेचे खांब आडवे झाले, पोलादपूरच्या वर दरड कोसळली आणि मुंबईकडचा रस्ताही बुडाला. त्यातच पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. तिथला गोमाजी दरडी ओलांडून, पाण्यातून वाट काढत महाडच्या दवाखान्यात येऊन पडला. लस संपली होती. डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहून मालोजीकडे धाडली : बिनतारीने मुंबईला कळवा, लाँचने दासगावच्या बंदरात लस पाठवा.

मालोजी भाताची पोती माळ्यावर चढवत होता. त्याने चिठ्ठी आणि माडीची किल्ली येसाजीच्या हातात दिली.

"दादा, तुम्ही संच तापवून ठेवा. एवढी पोती चढवतो आणि आलोच."

तो आला नाही. येसाजी आणि तुळसा माझ्यापाशी बसून राहिले. एक तास गेला. वाडीत माणसे मरत होती आणि मालोजीची पोती संपत नव्हती.

"बाबा, दाबू का?" तुळसाने विचारले.

"तो आल्याबिगर नाय गो. कायदा हाय."

"कायदा वाडीतल्या पोरांना वाचवंल काय?"

येसाजीने स्वतःच कळ तिच्यापुढे सरकवली.

भरदुपारी सुरू झालेले ते काम दिवस कलेपर्यंत चालले. वीज कडाडे, सूर बुडे, तुळसा पुन्हा पहिल्यापासून सांगे. तिकडे पारशीबाबा एक-एक अक्षर उचलत होते आणि त्यांचा नोकर कागद घेऊन आरोग्य कचेरीत धावत होता. तिसऱ्या दिवशी लाँच दासगावला लागली. वाडी वाचली. तुळसाने वहीत पेन्सिलीने सगळे नीट लिहून ठेवले : तारीख, वेळ, मजकूर आणि आपले नाव.

पाणी ओसरल्यावर मालोजी माडीवर आला. वही पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तुळसाताई, हे नाव राहिलं तर परवाना जाईल. संच जप्त होईल. आणि दादांना या वयात कोर्टात उभं राहावं लागेल."

येसाजी जन्मभर हुकमाचा ताबेदार. तो खाली मान घालून बसला. मालोजीने खोडरबर घेतले, तुळसाचे नाव खोडले आणि तिथे शाईने स्वतःचे लिहिले. त्या वेळी तो खरोखरच घाबरला असेल, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. पण पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्याचे नाव आले, लोक वखारीत येऊन त्याचे पाय धरू लागले, आणि त्याने एकाही माणसाला 'मी नव्हतो' असे सांगितले नाही. उलट तुळसाला माझ्यापासून लांब ठेवले आणि हवा खराब आहे असे सांगून पारशीबाबांशी बोलणेही टाळले. "सध्या नको," एवढेच तो म्हणे. तिला परीक्षेला बसायचे होते. त्याला मंडळाच्या सचिवाचे शिफारसपत्र लागे. ती दर रविवारी विचारी आणि दर रविवारी तो म्हणे, "लिहू की, घाई काय आहे?" त्याला ठाऊक होते की ती परीक्षेला गेली, तर तिचा हात लोकांच्या कानी पडेल.

मी हे सगळे बघत होतो. माझ्या पोटात दिव्यांसारखे काचेचे वाल्व जळतात, पण त्या महिन्यांत मी त्यांच्यामुळे तापत नव्हतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी दर रविवारी बघत होतो. मी ठरवले की याला धडा शिकवायचा.

संधी मार्गशीर्षात आली. शाळेच्या पटांगणात मंडळाचा मेळावा ठरला. मामलेदारसाहेब येऊन मालोजीला प्रशस्तिपत्र देणार होते. त्याआधी मालोजीने सर्वांसमक्ष पारशीबाबांशी बोलायचे, भोंग्यातून सूर ऐकवायचा आणि महिपतरावांनी तो मोठ्याने वाचून दाखवायचा, असा बेत मामलेदारसाहेबांनीच ठरवला होता. माझा एक वाल्व मरायला टेकला होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भर सभेत बंद पडायचे, मालोजीला घाम फोडायचा, फजिती करायची!

आदल्या दिवशी दुपारी मालोजी एकटाच माझी धूळ झटकत होता. आपला अडखळता हात पारशीबाबा ओळखतील, हे त्याला कळत होते. तो माझ्या कानाशी वाकला.

"उद्या तेवढा बंद पड रे बाबा," तो पुटपुटला. "यंत्र बिघडलं म्हणेन आणि सुटेन."

मित्रांनो, मी किती मूर्ख होतो! मी बंद पडलो असतो तर त्याचेच भले झाले असते. फजितीही झाली नसती, प्रशस्तिपत्रही मिळाले असते. मी तत्क्षणी बेत बदलला. उद्या चालायचे, कधी चाललो नाही इतके नीट चालायचे.

रविवार उजाडला. पटांगण भरले. पोलादपूरच्या वाडीतून गोमाजी आणि त्याची बायको रखमा आली होती. रखमाच्या हातात झेंडूचा हार होता. "ज्यानं औषिद मागवलं त्याच्या गळ्यात घालायचाय," ती ज्याला त्याला सांगत होती. तुळसा बायकांच्या सतरंजीवर मागे बसली होती.

मालोजीने मला चालू केले. मरता वाल्व मी दातओठ खाऊन जागा ठेवला. मालोजीने कळ दाबली. अडखळला, पुन्हा दाबली. त्याने पारशीबाबांना मंडळाचा नमस्कार पाठवला. भोंग्यातून उत्तर आले, स्वच्छ, खणखणीत. तेवढे स्वच्छ मी लढाईतही बोललो नव्हतो.

महिपतराव डोळे मिटून ऐकू लागले. तारमास्तरांची एक सवय असते. तार सुरू झाली की ती पुरी उतरवायची, एक शब्द बदलायचा नाही, मग ती लग्नाची असो की मरणाची. तीस वर्षे त्यांनी हेच केले होते. ते एकसुरी आवाजात मराठी करून सांगू लागले.

"महाडच्या मित्रांना नमस्कार. पण. हा हात. तो नव्हे."

मालोजीने चटकन त्यांचा खांदा दाबला. "महिपतराव, पुरे. हवा खराब आहे."

"तार पुरी व्हायची आहे," महिपतराव डोळे न उघडता म्हणाले. "पुराच्या दिवशी. ज्या हाताने लस मागितली. तो मी अर्धा दिवस ऐकला. त्या हाताला बसवा. मला त्याचे आभार मानायचे आहेत. थांबतो."

मागचे लोक ऐकायला पुढे सरकले. माझ्या भोंग्यात थोडी खरखर होती, ती मी आवरली.

मामलेदारसाहेब मालोजीकडे वळले. "कुणाचा हात?"

तेवढ्यात मागून येसाजी उठला. त्याने तीन बोटांचा हात कपाळाला लावून सलाम ठोकला.

"माझ्या पोरीचा हाय, सायेब. परवाना नाय तिच्यापाशी. मीच बसवली तिला. काय सजा असंल ती मला द्या."

"सजा?" मामलेदारसाहेब म्हणाले. "हवालदार, पटकीने वाडीत शिरताना कुणाचा परवाना बघितला होता का? बोलवा मुलीला."

तुळसा पुढे आली. तिने पदराला हात पुसले आणि कळीवर ठेवले. चार महिन्यांनी तो हात मला लागत होता. ती काय बोलली ते सांगतो : "मी तुळसा. पारशीबाबा, वाडीतली सगळी पोरे बरी आहेत." प्रत्येक शब्दानंतर तेवढेच किंचित थांबली.

भोंग्यातून सूर आला आणि महिपतरावांचा एकसुरी आवाज पहिल्यांदाच हलला.

"हाच. हाच. हाच."

रखमा हार घेऊन उठली. मालोजीच्या अगदी समोरून गेली, पण त्याच्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. तिने हार तुळसाच्या गळ्यात घातला. "माझी दोन पोरं हायत ती तुझ्यामुळं गो," म्हणाली आणि तिथेच रडू लागली. मालोजीने हार घ्यायला मान जराशी वाकवली होती. ती वाकलेली मान मी पाहिली. मला इतके बरे वाटले की काय सांगू!

त्याच वेळी माझा वाल्व गेला. जाऊ दे म्हटले. पारशीबाबांनी पुढच्या आठवड्यात नवा वाल्व टपालाने पाठवला.

प्रशस्तिपत्रावरचे नाव बदलले. शिफारसपत्र मामलेदारसाहेबांनी स्वतः लिहिले. तुळसा मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आली आणि वर्षभरात परवाना तिच्या नावाने आला. आता रविवारच्या बैठकीत तिची खुर्ची माझ्यासमोर असते. वहीतल्या त्या पानावर, जिथे खोडून कागद विरला आहे, तिथे तिने पुन्हा आपले नाव लिहिले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी-शाळेत यंत्रे असतील. त्यांची धूळ पुसा, दमट हवेत त्यांना झाकून ठेवा. पण त्याहून एक गोष्ट मोठी. ज्याने काम केले त्याचेच नाव त्या कामापुढे लिहा. आम्ही यंत्रे बोलत नाही, पण कुणाचा हात आमच्यावर होता ते आम्हांला बरोबर ठाऊक असते.

तुळसाने मालोजीला केव्हाच माफ केले. माणूस घाबरतो, चुकतो, असे ती म्हणते. मालोजीही आता बराच निवळला आहे. रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो. कधी कधी तुळसा त्याला बोलावून माझ्यासमोर बसवते. तो कानाला हेडफोन लावतो आणि हळूच कळ दाबतो. त्याला नुसती घरघर ऐकू येते, दुसरे काही नाही. तो उठला आणि तुळसा बसली की सगळे जग पुन्हा बोलू लागते. तुळसा म्हणते, माझी कॉइल सैल झाली असावी, एकदा उघडून बघायला हवी.

कॉइल अगदी घट्ट आहे.