हरणी कुणाच्या मागं पळते

माझा नवरा आणि माझा भाऊ एकत्र बसले की मी उठून गोठ्यात जाते. तिथं निदान शहाण्यांची सोबत असते.

नवरा आकाराम, साठीला टेकलेला, दुधाचा धंदा. भाऊ अमरसिंह माझ्याहून बराच धाकटा, गारगोटीला हॉटेल चालवतो. दोघांत ईर्षा लागायला कारण लागत नाही. जेवायला बसले तर तिखट जास्त कोण खातो यावरून लागते आणि मग दोघंही नाक पुसत बसतात. पण खरं भांडण हरणीवरून.

हरणी ही आमची म्हैस. हे नाव काय बघून ठेवलं ते विचारू नका. गोठ्याच्या दारातून जाताना तिला दोन्ही बाजूंनी अंग चोरावं लागतं. पण पळते मात्र नावाप्रमाणं. दिवाळीत आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं सुटायचं आणि म्हशीनं त्याच्या मागं धावायचं. आमचे हे फटफटीवरून मान वळवून "हरणेऽऽ" अशी हाक देतात, की ती गर्दी फोडत सुटलीच.

अमरला ती म्हैस हवी होती. दर सणाला यायचा आणि मागायचा.

"दाजी, तुमास्नी वाटतंय ती तुमच्या मागं पळती. ती इंजनाच्या आवाजामागं पळती. मी गाडी मारली तर माज्या मागं ईल."

"ईल की, पावणं. तुमचं तोंड बगून परत फिरल."

यंदा उन्हाळ्यात अमर मालवणला जाऊन आला आणि येताना डोक्यात खूळ घेऊन आला. त्यानं एक जुनी मोटरबोट घेतली. कागलच्या एमआयडीसीत कुणाला तरी गाठून जाड प्लायवूडची एक मोठी गोल चकती कापून आणली आणि तिला पिवळा रंग दिला. बोटीला दोर, दोराला चकती, चकतीवर माणूस. बोट पळाली की माणूस पाण्यावरून घसरत जातो, आणि याला मजा म्हणतात. गारगोटीकडच्या धरणावर धंदा सुरू करायच्या आधी त्याला ती आमच्या मळ्याखाली, नदीच्या रुंद पात्रात चालवून बघायची होती.

"ह्याच्यावर जवान पोरं हुबी ऱ्हात्यात. तुमचं काम न्हवं, दाजी," तो म्हणाला.

झालं. पुढं काय होणार ते मला तिथंच कळलं.

"म्हशीच्या पाठीवर हुबा राहून नदी पार केलीया मी! तुजी ही भाकरी काय सांगतोस मला?"

पैज ठरली. चकतीवर उभं राहून जॅकवेलपर्यंत, म्हणजे नदीतल्या पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत जायचं आणि परत काठाला लागायचं. यांनी पार केलं तर अमरनं हरणीचं नाव जन्मात काढायचं नाही. पडले तर हरणी अमरची, तिथल्या तिथं. मला कुणी विचारलं नाही. हरणीलाही नाही. रोज पहाटे तिच्या अंगाला डोकं टेकून धार काढते मी, पण मालक म्हणून नाव यांचं.

त्या सकाळी यांनी आपल्या ताटातली भाकरी उचलून नेली आणि हरणीला चारली. मी जेवले का, हे विचारलं नाही. मग नदीकडं निघालो. नेहमीसारखे हे पुढं, मागं मी, माझ्या मागं हरणी.

अमरनं यांना ते लाल फुगीर जाकीट घातलं. पट्टा पोटावरून पोचेना, म्हणून दाव्याचा तुकडा लावून जोडला. पटका काढायला हे तयार झाले नाहीत. काठावर गल्लीतली माणसं जमली होती आणि सगळी फुकटचे सल्ले देत होती.

बोट सुरू झाली. इंजिन जुनं, आवाज थेट सायलेन्सर काढलेल्या फटफटीचा. दोर ताणला, चकती उचलली आणि आमचे हे आधी गुडघ्यावर, मग ओणवे, मग चक्क उभे! पटक्याचा शेव मागं फडफडत होता. काठावर शिट्ट्या सुरू झाल्या. जॅकवेलला वळसा घालताना तर या माणसानं एक हात सोडून मिशीला पीळ दिला. मला इतका राग आला, आणि खरं सांगते, इतका अभिमान वाटला, की दोन्हींत मी हरणीकडं बघायचं विसरले.

तिचे कान ताठ झाले होते. समोरून इंजिन धडधडत येत होतं. काठाला वळायला बोट आमच्यासमोरून पुढं गेली आणि हरणीनं दाव्याला असा हिसडा दिला की माझ्या तळहाताचं सालटं गेलं. दुसऱ्या क्षणी ती पाण्यात. मान वर काढून सरळ बोटीच्या मागं.

"बगा, बगा दाजी!" अमर बोटीतून ओरडला. "इंजनामागंच आली!"

यांनी मागं वळून बघितलं. एवढा उतरलेला चेहरा मी आमच्या लग्नापासून बघितला नव्हता. चकती कलली. वर पाय, खाली पटका, आणि माणूस गडप.

बुडताना माणूस देवाला हाक मारतो, नाहीतर बायकोला. आमच्या ह्यांचं तोंड पाण्यावर आलं आणि त्यातून निघालं, "हरणेऽऽ!"

अमरचं तोंड पुन्हा पुढं झालेलं, त्याला पत्ताच नाही. बोट रिकामी चकती उडवत तशीच धडधडत गेली. नदीच्या मध्यात हरणी थांबली. एकीकडं इंजिन, दुसरीकडं जाकिटात लोंबकळणारा माझा नवरा. मग तिनं मान वळवली, इंजिनाकडं पाठ केली आणि फुसफुसत यांच्याकडं निघाली. यांनी तिचं शिंग धरलं आणि तिच्याबरोबर ओढत काठाला लागले.

अमर धावत आला. आधी दाजी जिवंत आहेत याची खात्री केली, मग म्हणाला, "पैज मी जिंकली."

"जिंकलीस," हे म्हणाले आणि दावं त्याच्यापुढं धरलं. शब्द म्हणजे शब्द. पण डोळ्यांतलं पाणी नदीचं नव्हतं.

अमरनं दावं ओढलं. हरणी हलली नाही. त्यानं "हरणेऽऽ" केलं, तिनं शेपटी उडवली. त्यानं पळत जाऊन बोटीचं इंजिन पुन्हा सुरू केलं, धूर निघेपर्यंत वाढवलं. हरणी यांचा ओला पटका चाटत उभी.

शेवटी त्यानं इंजिन बंद केलं. "जी माज्या मागं येत न्हाय, ती माजी कशी? ऱ्हावू द्या दाजी, तुमचं धूड तुमालाच." आणि चकतीला लाथ घालून दोर गुंडाळायला लागला.

आम्ही घराकडं निघालो. हे पटका पिळत थांबले, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या लुगड्याकडं गेलं. ते कमरेपर्यंत भिजलेलं होतं.

"बने, तू कशानं भिजलीस गं?"

"पाण्यानं."

"आत शिरलीस? तुला पोहता येतंय व्हय?"

"न्हाय."

यांनी पटका खांद्यावर टाकला. "मी तर हरणीला हाक मारलेली."

"ऐकली की. मला हाक मारायला लागती व्हय?"

हरणीचं दावं त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं, आणि घर येईपर्यंत माझ्या पुढं न जाता माझ्या बाजूनं चालले.