अलीकडे आरसा, पलीकडे खिडकी

मी काच बोलतेय. कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलेली. उजेडाच्या खोलीतल्या माणसाला मी आरसा वाटते. मागच्या खोलीत दिवा मालवून बसलेल्याला माझ्यातून सगळं दिसतं. कारखान्यात माझ्या एका अंगावर पातळ लेप चढवला, तेव्हाच माझं नशीब ठरलं. माझ्या बहिणी घरांत गेल्या. त्यांच्यासमोर लोक भांग पाडतात आणि स्वतःवर खूश होतात. माझ्यासमोर माणसं नापास होतात.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी इथे मदतनीस म्हणून आली, तेव्हा मला फार बरं वाटलं. सगळे तिला 'नवी' म्हणायचे. माझ्यात बघून बट सारखी करत तिने आईला फोन लावला.

"आई, घेतलं गं मला! संशोधनात! नाही गं, उंदीरबिंदीर नाहीत, माणसंच आहेत."

प्रयोग चालवणाऱ्या सरांनी काम समजावलं. आलेल्या माणसाला कोडी द्यायची. ती मुळात न सुटणारीच. मग गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "तुमचे गुण सगळ्यात कमी आलेत." खचलेला माणूस पुढच्या कामात किती टिकतो, ते सर मागून बघणार. सगळं संपलं की मात्र खरं सांगून टाकायचं.

"ठरलेल्या वाक्यांपलीकडे चकार शब्द काढायचा नाही," सर म्हणाले. "काही अडलं तर मी काचेवर टकटक करीन."

एके दिवशी एक काकू आल्या. मुलांची लग्नं उरकून पहिल्या वर्षाला बसलेल्या, नवी कोरी पर्स मांडीवर धरून.

"अगं, परीक्षाबिरीक्षा नाही ना ही?"

"नाही हो काकू," नवी म्हणाली. हे काही ठरलेलं वाक्य नव्हतं.

काकू कोड्यांशी झटल्या. खोडलं, पुन्हा मांडलं, जीभ दाताखाली धरून पुन्हा खोडलं. मग नवीने ते वाक्य म्हटलं आणि काकूंचा चेहरा उतरला.

"वाटलंच होतं. घरचे सांगत होते, आता डोकं चालायचं नाही तुझं. मीच हट्टाला पेटले."

त्या उठल्या. नवीने माझ्याकडे पाहिलं. तिला एक टकटक हवी होती, बस. पण दिसला तो स्वतःचाच पांढराफटक चेहरा. मागे सर पुढे सरकून बसले होते. "बघू, काय करते ही बाई," ते पुटपुटले. तोवर काकू दाराबाहेर गेल्या होत्या.

नवी जिन्यापर्यंत धावली आणि एकटीच परतली.

"मध्येच जायचा हक्क असतो त्यांना," सर म्हणाले. "खरं काय ते मी सांगेन. तू बाहेर बोलू नकोस, प्रयोग फुटेल."

तिने विश्वास ठेवला. सर परगावी परिषदेला गेले, आले आणि विसरले. शेवटी तिला राहवेना. ती काकूंच्या वर्गात गेली, तर त्यांनी नाव काढून घेतलं होतं. मग माझ्यासमोर उभं राहून तिने त्यांच्या घरी फोन लावला. मुलाने उचलला.

"आई घरात रमलीय आता. कृपा करून पुन्हा त्यात ओढू नका तिला."

"एकच सांगायचंय हो त्यांना, ती कोडी..."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. नवी माझ्यावर कपाळ टेकून रडली. त्या दिवशी मला तडा गेला असता तर बरं झालं असतं.

वाटलं, ही आता काम सोडेल. पण तिच्या आईने गावभर सांगून ठेवलं होतं. ती राहिली. हळूहळू ते वाक्य तिच्या तोंडी बसलं. माझ्यात बघायची ती फक्त चेहरा हलत नाही ना, हे तपासायला.

आता ती मागच्या खोलीत, सरांच्या खुर्चीत बसते. पुढे दुसरी मुलगी असते. परवा त्या मुलीसमोर एक माणूस हमसून हमसून रडायला लागला. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मागे आमची नवी उठली, माझ्याजवळ आली, हात वर केला. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली.

"बघू जरा," ती म्हणाली आणि हात खाली घेतला.

मला स्वतःला टकटक करता येत नाही हो. तुम्ही कधी त्या मागच्या खोलीत शिरलात, तर एवढं करा, तिथला दिवा लावा. मग मी आरसा उरत नाही. दोन्हीकडच्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. आणि काकू कुठे भेटल्या, तर त्यांना सांगा, ती कोडी कुणालाच सुटणारी नव्हती.