राहिलेला तवाफ

माझा नवरा वजीर पिंजारी हजहून परत आला, तेव्हा अकोटच्या मोटार स्टँडवर त्याच्या गळ्यात इतके हार पडले की त्याचं तोंडच दिसेना. लोक त्याचे हात धरून डोळ्यांना लावत होते. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी, हा माझ्याकडे कधी पाहतो याची वाट बघत. त्यानं पाहिलं ते जमिनीकडे. मला वाटलं, चार माणसांत लाजला असेल. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि मूर्ख होते.

साल चोपन्न. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. हकीम झाले, वैद्य झाले, दर्गे झाले. शेवटी माहेरहून माझ्या वाट्याला आलेली जमीन मीच विकायला लावली. म्हटलं, तुम्ही जा, अरफातच्या मैदानावर उभे राहा आणि मागा. तिथं मागितलेलं वाया जात नाही म्हणतात. दोघांचं जाणं जमण्यासारखं नव्हतं, एकट्याचं जमलं.

वजीरला काळं अक्षर म्हशीबरोबर, वाचता येत नव्हतं. मी बाळापूरची, लहानपणी मशिदीच्या मकतबात उर्दू शिकलेली. हजच्या रीतीचं एक पातळ पुस्तक मी मिळवलं. तो ओसरीत गाद्यांचा कापूस पिंजायचा, मी उंबऱ्यात बसून वाचायची. तवाफ म्हणजे काबाभोवती सात फेऱ्या. त्या आम्ही घरातल्या ज्वारीच्या कोठीभोवती घातल्या. पाचव्या फेरीला हा हटकून चुकायचा आणि थांबून माझ्याकडे बघायचा.

"तिथं मी नसन तुमच्या मांगं मोजाले," मी ओरडायची.

"मंग अल्ला मोजन," तो म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतली. कुर्बानी झाली, डोकं भादरलं की इहरामची बंधनं सुटतात, शिवलेले कपडे घालता येतात, अत्तर लावता येतं. पण नंतर मक्केला येऊन एक तवाफ करायचाच असतो. तो फर्ज. तो होईस्तोवर बायको नवऱ्याला हराम. हे वाचताना मी तोंडाला पदर लावला होता. तो म्हणाला, "हे बरोबर ध्यानात राहीन माह्या."

आल्या दिवसापासून वजीर ओसरीत झोपू लागला. प्रवासानं थकला असेल म्हणून मी आठ दिवस सोडले. मग महिना सोडला. चहाचा कप पुढं केला तर म्हणायचा, "खाली ठेव." माझं बोट त्याच्या बोटाला लागू नये म्हणून जपायचा. त्यानंच आणलेलं अत्तर लावून मी एकदा त्याच्यासमोर गेले, तर हा उठून नमाजाला गेला, तेव्हा नमाजाची वेळही नव्हती. मला स्वतःच्या अंगाचीच शरम वाटली. ते अत्तर मी पुन्हा लावलं नाही.

शेजारची केशरबाई एकटीच काय ती तोंडावर बोलणारी. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव बाहेर काढले आणि पांढरं लुगडं नेसून माझ्याकडं सांगायला आली. सांगून झाल्यावर माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "जैतुन, तुह्या तोंडावर रयाच नाही राहिली. इचार त्याले एकदा. दुसरी करून राहिला असंन तं तसं सांग म्हना."

केशरबाई गेली आणि मी ओसरीत जाऊन उभी राहिले. "मी चालली बाळापूरले," मी म्हटलं. "मी नको हाय तं तलाक द्या. पण असं मले घरात ठेवून मारू नका."

त्यानं हातातलं पिंजण खाली ठेवलं. मला वाटलं, आता खरंच तलाक म्हणतो.

"अरफातहून दुसऱ्या दिवशी मिनाले आलो, तिथं मले ऊन लागलं," तो म्हणाला. "डोस्कं भादरलं अन् तिथंच पडलो. पाच दिवस दवाखान्याच्या तंबूत होतो, शुद्ध नाही. उठलो तं लोकं म्हणले, त्या तवाफचे दिवस गेले. निघाच्या दिवशी सगळ्याईसंगं रुखसतीचा तवाफ केला अन् जहाजात बसलो. फर्जाचा राहून गेला, जैतुन. परत जाऊन करीन तोवर तू मले हराम हाय."

"कोणाले इचारलं काय?"

"कोणाले इचारू? लोकं हाजीसाब म्हणून हार घालून राहिले. त्याईले काय सांगू, माहा हजच अर्धा हाय म्हणून?"

मी आत जाऊन पुस्तक उघडलं. वाक्य होतं तिथंच होतं, मीच वाचून दाखवलेलं. दिवस गेल्यावर काय करायचं ते पुस्तकात नव्हतं. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. मी नकोशी झाले नव्हते. रडून घेतलं, भाकरी केली, ताट खाली ठेवलं. आणि विचारायला मीही कुणाकडे गेले नाही. मला त्याच्या नावाची काळजी पडली होती. हाजी वजीरची बायको म्हणून बायका मला पुढं बसवत, तेही सुटत नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी त्याचा हजचा अर्ज जायचा. जे कधीच गेले नाहीत त्यांना आधी पाठवत, आणि ते बरोबरच होतं. याचा नंबर लागलाच नाही.

एका घरात आम्ही दोघं, आणि घर रिकामं. तो बाहेर दुसऱ्यांच्या लग्नांच्या गाद्या भरायचा, मी आत बसून पिंजणाच्या तातीचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की कळायचं, कुणी आलं. बहुतेक बायकाच यायच्या, कडेवर आजारी लेकरू घेऊन. हाजीसाबनं फुंकर घातली की ताप उतरतो असं झालं होतं. वजीर त्या लेकरांना मांडीवर घ्यायचा, काहीबाही पुटपुटून फुंकर घालायचा आणि लगेच परत द्यायचा नाही. मी दाराच्या फटीतून बघायची. त्या लेकरांचा मला राग यायचा. नंतर त्या रागाची लाज वाटायची.

हजला निघालेली माणसं रीत शिकायला त्याच्याकडेच येत. बाकीचं तो मऊपणानं सांगायचा. त्या एका तवाफवर आला की आवाज चढायचा. "मरा, पण हा तवाफ करून मरा!" लोक म्हणत, केवढा दीनदार, धर्माचा पक्का माणूस.

पासष्टच्या हिवाळ्यात अकोल्याहून एक मौलाना आले. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात ते हजला जाणाऱ्यांना रीत समजावून सांगणार होते. बायकांसाठी कनात लावली होती. वजीर मौलानांच्या शेजारी बसलेला मला कनातीच्या भोकातून दिसत होता. दाढी सगळी पांढरी झाली होती.

त्या वर्षी माझी पाळी बंद झाली होती. चार महिने मी वाट पाहिली, मग समजले. हे एवढ्यासाठी सांगते की त्या दिवशी मी जे केलं ते धाडस नव्हतं. सांभाळायला काही उरलं नव्हतं, म्हणून तोंड उघडलं.

मौलानांनी विचारलं, बायकांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. मी कनातीआडून म्हटलं, "मौलानासाब, एखाद्याचा फर्जाचा तवाफ राहून गेला. दिवस निघून गेले. मंग निघाच्या वक्ताले त्यानं रुखसतीचा केला अन् घरी आला. त्याच्या बायकोचं काय?"

मौलाना उर्दूत बोलले. सोपं बोलले, कुणालाही कळेल असं. म्हणाले, बीबी, हा मसला मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. दिवस गेले तरी तवाफ जात नाही. त्यानं निघताना ज्या सात फेऱ्या घातल्या, त्याच फर्जाच्या जागी धरल्या जातात. राहिला तो रुखसतीचा. त्याबद्दल आणि उशिराबद्दल कुर्बानी द्यायची, ती हजला जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातून तिथं करवता येते. बायको तर त्याच दिवशी हलाल झाली.

मग ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. अकोल्याला परत जाणारी पंजाबराव ड्रायव्हरची मोटार पाचला सुटणार होती, त्यांना घाई होती.

मी भोकातून पाहिलं. वजीर मान खाली घालून बसला होता. शेजारच्यानं त्याला काही विचारलं, तेही त्याला ऐकू गेलं नाही. इतक्या माणसांत काय झालं ते फक्त आम्हा दोघांना कळलं होतं, आणि आमच्या मध्ये कनात होती.

मी आधी घरी आले. चूल पेटवायला बसले, पण काडी ओढवेना. हजहून येऊन तो मोटारीतून उतरला, जमिनीकडे पाहिलं, त्या दिवशीही मी त्याची बायकोच होते. अत्तर लावून गेले त्या दिवशीही. बत्तीसची होते, तेहतीसची होते, पस्तीसची होते.

वजीर आला तो ओसरीत थांबला नाही. थेट चुलीपर्यंत आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माफ कर, जैतुन. मीनं इचाराले पाह्यजे होतं."

"मीनं बी," मी म्हटलं. मग जे अकरा वर्षं विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "अरफातवर मागितलं होतं काय तुमी? लेकरू?"

"तेच मागितलं. दुसरं काईच नाही. सगळे तंबूत जाऊन बसले, मी दिसभर उनात उभा राहून मागत होतो." तो थांबला. "त्याच्यानंच तं ऊन लागलं मले."

मी हातातली काडी खाली टाकली आणि रडले. मोठ्यानं रडले, केशरबाईच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. त्याचा हात डोक्यावर तसाच होता, आणि तो माझ्या माणसाचा हात आहे असं मला काही केल्या वाटत नव्हतं.