धुतलेली पानं

"दिसले! मला दिवे दिसले!" कोपऱ्यातला शिंपी ओरडला आणि सभागृहभर हुंदके सुरू झाले. पितळी पात्रातून धूर निघत होता. त्यात पानं टाकत होती माझी बायको. घरी माझ्याशी चार शब्द बोलताना तिला कंटाळा यायचा. इथे धूपबाबाकडे बघताना तिचा चेहरा असा उजळायचा, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"हा गांजा नाही, बाळांनो!" बाबाने तपासणीचा कागद फडकवला. "कायद्याच्या यादीत ह्याचं नाव दाखवा! ही शुद्ध कृपा आहे!"

मी औषधविक्रेता. इतक्या तावातावाने कायदा सांगणारी कृपा मी प्रथमच बघत होतो.

पानांचा डबा आमच्याच घरी असायचा. मी बायकोला म्हटलं, "पानं साधी आहेत. त्यांवर गांजासारखी नशा देणारं कृत्रिम रसायन फवारलंय. साध्या तपासणीत ते सापडत नाही. रविवारी पोरीला तिथे नेऊ नकोस."

"तू बाबांवर जळतोस."

"जळतो! म्हणूनच माझं ऐकू नकोस. पानं स्पिरिटमध्ये धू, वाळव आणि तीच पात्रात टाक. रसायन असेल तर स्पिरिटमध्ये उतरेल, कृपा असेल तर पानांतच राहील."

मला खोटं पाडायच्या ईर्ष्येने तिने स्वतः पानं धुतली. पोरीला मात्र घरी ठेवलं.

रविवारी धूर झाला, खोकला झाला, दिवे काही दिसेनात. शिंपी डोळे चोळून थकला.

"कोणाच्या तरी मनात पाप आहे!" बाबा गरजला.

बायको उठली. तिने पिशवीतून बाटली काढली. "पाप नाही, बाबा. मी पानं धुतली. तुमची कृपा ह्या बाटलीत उतरलीय."

बाटलीतलं हिरवट स्पिरिट बघून बाबाचा तोल गेला. "त्या रसायनाचं नाव यादीत नाहीच मुळी!"

कृपेचं रसायन कधी झालं?

"नाव कोण विचारतंय?" मी म्हणालो. "कायद्याची व्याख्या आता नावाशी थांबत नाही. रेणूचं शेपूट बदललंत, तरी मूळ घडण तीच आणि मेंदूवरचा परिणामही तोच असेल, तर बंदी लागू होते."

बाटली पोलिसांकडे गेली, पाठोपाठ बाबाही.

घरी जाताना मी विचारलं, "त्याच्यात एवढं होतं तरी काय?"

"तो रोज विचारायचा, आज दमलीस का?"

अटकेतल्या माणसाचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर आधी पानं धुऊन बघा. सांगणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याही नको. आणि घरच्या माणसाला विचारा, आज दमलीस का? त्यासाठी बाबा लागत नाही.