टोपणांचा डबा

आमच्या गाडीचा एसी दर उन्हाळ्यात तीनदा मरतो आणि तीनदा जिवंत केला जातो. जिवंत करणाऱ्या गॅरेजमालकाचं निदान ठरलेलं असतं. बॉनेट उघडण्याआधीच तो मान हलवतो आणि दूरच्या नातेवाइकाची बातमी द्यावी तशा आवाजात सांगतो, "गॅस संपला, साहेब."

पहिल्या वेळी मीही मान हलवली. दुसऱ्या वेळी विचारलं, "संपला म्हणजे गेला कुठे?"

"वापरलात ना तुम्ही."

तिसऱ्या वेळी मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचलं. एवढी वर्षं त्याचा उपयोग फक्त गॉगल ठेवायला होत होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. म्हणजे तो कमी होत असेल, तर कुठूनतरी गळतोय. हे मी मालकाला वाचून दाखवलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तकवाल्यांचं काय जातंय लिहायला," म्हणाला आणि भरायचा पाइप जोडला.

एसी पुन्हा मेला, तरीही मी विषय सोडून दिला असता. घामाने आजवर कुणी विरघळलेलं नाही, असं मीच लोकांना सांगत आलोय. पण सोमवारी आणि गुरुवारी याच गाडीतून माझे सासरे डायलिसिसला जातात.

बाबा पस्तीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते. आता चार तास यंत्राला जोडून घेतात आणि भर दुपारी एक वाजता, पिळून वाळत घातलेल्या शर्टासारखे बाहेर येतात. घर पन्नास मिनिटांवर. वाटेत रस्त्याचं खोदकाम, त्यामुळे काचा उघडल्या तर धूळ आणि बंद केल्या तर भट्टी. त्यात त्यांचं पाणी मोजून. घाम हवा तेवढा गाळा, पाणी मात्र वाटीभर. गेल्या सोमवारी सिग्नलला त्यांची मान एकाएकी खांद्यावर पडली. माझ्या बायकोने वर्तमानपत्राने वारा घातला, तोंडावर ओला रुमाल फिरवला, तेव्हा डोळे उघडले.

मंगळवारी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "गुरुवारी मी येत नाही. एक खाडा चालतो."

"नाही चालत, बाबा," बायको म्हणाली.

"मैदानावर कुणाला भोवळ आली तर मी दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायचो. कारणसुद्धा विचारायचो नाही."

"मैदान वेगळं."

"तुझी गाडी मैदानापेक्षा तापते."

गाडी माझी होती, पण अशा वेळी दुरुस्ती करण्यात अर्थ नसतो. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

बुधवारी मी रजा टाकली आणि गळती घरीच शोधायची ठरवली. तयारी म्हणून चार व्हिडिओ पाहिले. चारही वेगवेगळ्या भाषांत होते आणि चारही तरुणांना गळती पहिल्या मिनिटात सापडली. मी बादलीत साबणाचा फेस केला, रंगाचा जुना ब्रश घेतला आणि पुढच्या जाळीपासून सुरुवात केली. मग नळ्या, सांधे, नट. दोन तासांनी गाडीचं इंजिन दाढीला बसलेल्या माणसासारखं दिसू लागलं. बुडबुडा एक नाही.

बाबा सावलीत खुर्ची टाकून बघत होते. "जावईबापू, यात हवा भरतात कुठून?"

"हवा नाही बाबा, गॅस."

"तेच ते. कुठून?"

मी दोन छोटे वाल्व दाखवले. "पण तिथून तो फक्त आत जातो."

"फुटबॉल बसला की पोरं शिवण उसवून बघायची," बाबा म्हणाले. "मी आधी वाल्वला थुंकी लावायचो. दहातले आठ तिथेच गळायचे."

"बाबा, हा फुटबॉल नाही. यात वेगवेगळ्या दाबाच्या दोन बाजू असतात, आणि—"

बायकोने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि दोन्ही वाल्वना फेस लावला. डावा गप्प बसला. उजव्याच्या तोंडावर वाटाण्याएवढा बुडबुडा फुगला आणि फुटला. मग दुसरा. मग तिसरा, थोडा मोठा.

"सापडला," बाबा म्हणाले. शाळेच्या भिंतीमागे विडी ओढणारं पोरगं धरावं, तसे.

मी पुस्तक उघडलं. चित्रात दोन्ही वाल्वना टोपणं होती, आतून रबराची रिंग असलेली. आमच्या वाल्वना नव्हती. ज्या भोकातून हा माणूस गॅस भरत होता, त्याच भोकातून तो बाहेर पडत होता, आणि बाहेर पडला म्हणून आम्ही पुन्हा याच माणसाकडे जात होतो. तीन उन्हाळे. आणि वर मीच त्याला "थँक यू" म्हणत होतो.

तिघंही तसेच गॅरेजवर गेलो.

"टोपण?" मालक म्हणाला. "ते शोभेचं असतं, साहेब. पाहिजे असेल तर घ्या ना." त्याने टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. डबा काठोकाठ भरलेला होता. निळी, काळी, लाल, सगळी टोपणं. शंभर तरी असतील.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांचीच. कामगार काढून ठेवतात. परत लावत बसायला वेळ कुठे असतो?"

"आणि मग गॅस गळतो, आणि ते लोक परत येतात."

"येतात ना," तो मनापासून म्हणाला. "माणसं चांगली आहेत आपली."

वाटेत मी एक भाषण जुळवलं होतं. त्यात 'नैतिकता' हा शब्द दोनदा येत होता. पण बाबा गॅरेजमधल्या खुर्चीवरून उठले, आणि सोमवारनंतर पहिल्यांदाच त्यांचा मैदानावरचा आवाज निघाला.

"उरलेला गॅस यंत्रात काढून घे. वाल्वची पिन बदल. माझ्यासमोर."

मालक नकळत ताठ उभा राहिला. पाय जुळवायचे तेवढे बाकी होते. त्याने गॅस काढला, तांदळाच्या दाण्याएवढी जुनी पिन काढून नवी बसवली, गॅस भरला. बायकोने घरून आणलेला फेस लावला. आम्ही पाच मिनिटं बघत राहिलो. काही फुगलं नाही. मग डब्यातली दोन टोपणं घट्ट बसली.

बाबांनी डबा काखेत मारला.

"अहो काका, डबा कशाला नेताय?"

"तुला तरी शोभेच्या वस्तू कशाला हव्यात?"

गुरुवारी खाड्याचा विषय निघाला नाही. एक वाजता बाबा बाहेर आले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच पांढरा होता. गाडीत बसले, अंगावर गार वारा आला, डोळे मिटून घेतले. तहान लागली का, असं बायकोने विचारलं तर नुसती बोटं हलवून नाही म्हणाले.

गाडी हॉस्पिटलच्या फाटकापाशी आली तेव्हा त्यांनी काच खाली करायला लावली. बाजूला अँब्युलन्सचा ड्रायव्हर टेकून उभा होता.

"एसी चालतो का रे?"

"गॅस संपलाय, काका."

"बॉनेट उघड," बाबा म्हणाले आणि खिशात हात घातला.

घरी पोचायला त्या दिवशी सव्वा तास लागला. निघताना बाबा सीटवर मागे रेलले. म्हणाले, "सोमवारी जरा लवकर निघू. डॉक्टरांच्या गाड्या मागच्या बाजूला असतात."